अकरा विरुद्ध एक : पडद्यावरच्या कोर्टातील चुकांचा हिशेब

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात हसनाबाद हे गाव आहे. तेथील शेतकऱ्याचा बांधावरून वाद झाला तर त्याला तालुक्याच्या न्यायालयाची पायरी चढावी लागते. प्रकरण खुनाचे असेल तर ते सत्र न्यायालयात जाते आणि तेथील निकाल मान्य नसेल तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंतची वाट धरावी लागते. ही वाट आयुष्यात एकदाही न चाललेली माणसे गावात पुष्कळ असतात आणि ते त्यांचे भाग्यच म्हणायचे. तरीही 'कोर्ट कसे असते?' असे विचारले, तर हसनाबाद असो की दादर, उत्तर सर्वत्र एकच मिळते. न्यायाधीश लाकडी हातोडा आपटतात, साक्षीदार गीतेवर हात ठेवतो, वकील फेऱ्या मारीत गर्जना करतो, ऐनवेळी दार उघडून एक अनपेक्षित साक्षीदार धावत येतो आणि त्याच दुपारी निकाल लागतो.

हे चित्र कोणी कोर्टात जाऊन पाहिलेले नाही. ते पडद्यावरून आले आहे आणि त्यातील बहुतेक तपशील चुकीचे आहेत. कोर्टाच्या नाट्यात चुका शोधण्याचा छंद जगभर आहे. कोणाचे घड्याळ मागे गेले, कोणाच्या हातातील कागद नाहीसा झाला, याच्या याद्या रसिक हौसेने करतात. मात्र साऱ्या चुका एका मापाच्या नसतात. काही निष्काळजीपणातून होतात, काही अज्ञानातून, तर काही इतक्या खोलवर रुजलेल्या असतात की त्या दुरुस्त केल्या तर कथाच उरत नाही. त्या शेवटच्या प्रकाराचे आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बासू चटर्जी यांचा 1986 सालचा 'एक रुका हुआ फैसला'.

पाण्याचा पेला आणि भिंतीवरचे घड्याळ

प्रथम साध्या चुकांचा विचार करू. चित्रीकरणाच्या परिभाषेत ज्याला 'कंटिन्युइटी' म्हणतात, ते दृश्यांमधील सातत्य होय. प्रेक्षकाला सलग वाटणारा पाच मिनिटांचा प्रसंग प्रत्यक्षात तुकड्यातुकड्यांनी, कधी कधी अनेक दिवसांच्या अंतराने चित्रित झालेला असतो. एका तुकड्यात वकिलाच्या उजव्या हातात असलेला चष्मा पुढच्या तुकड्यात डाव्या हातात दिसला, तर सातत्य तुटले. हे टाळण्यासाठी एक सहायक केवळ नोंदी ठेवण्याच्या कामावर असतो. कोणाचे बटण उघडे होते, पेल्यात पाणी किती होते, कोणत्या शब्दावर पात्र उठून उभे राहिले, हे सारे तो टिपून ठेवतो. पूर्वी यासाठी झटपट छायाचित्रे काढली जात. आता मोबाइल पुरतो.

कोर्टाचा प्रसंग या सहायकाची खरी परीक्षा पाहतो. एकाच खोलीत न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे वकील, आरोपी, साक्षीदार, शिरस्तेदार, पोलीस आणि मागे बसलेला जमाव असतो. बोलणारा एक आणि ऐकणारे चाळीस, आणि कॅमेरा वारंवार ऐकणाऱ्यांकडे वळतो. साक्षीदाराने एक वाक्य उच्चारले की त्यावर आरोपीचा चेहरा, वकिलाची भुवई आणि मागच्या बाकावरील आईचे डोळे दाखवावे लागतात. हे चारही तुकडे वेगवेगळ्या वेळी घेतलेले असतात. मधल्या काळात मागच्या बाकावरचा एखादा 'ज्युनिअर आर्टिस्ट' जेवायला जाऊन दुसऱ्या जागी येऊन बसतो आणि पडद्यावर तोच माणूस क्षणात भिंतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचतो. त्यात भिंतीवर चालू घड्याळ असेल तर विचारूच नका. उलटतपासणीचे दोन प्रश्न विचारून होईतो काटे तासभर पुढे किंवा मागे गेलेले असतात. म्हणूनच जाणते कलादिग्दर्शक अशा दृश्यात घड्याळ लावण्याचेच टाळतात.

टीव्ही स्टुडिओतील नाट्याचा प्रकार थोडा निराळा होता. तेथे दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालत. त्यामुळे हातातील चष्मा बदलण्याची भीती कमी, पण ध्वनिग्राहकाची सावली भिंतीवर पडण्याची किंवा दुसऱ्या कॅमेऱ्याचे टोक चौकटीत शिरण्याची भीती जास्त. प्रसंग पुन्हा ध्वनिचित्रमुद्रित करायचा तर सर्वांना पहिल्यापासून उभे करावे लागे. तेव्हा एखादा अडखळलेला शब्द तसाच राहू देणे पत्करले जाई.

खुर्ची खुर्चीने चित्रीकरण

'एक रुका हुआ फैसला'चे मूळ अमेरिकेत आहे. रेजिनाल्ड रोझ यांनी लिहिलेले 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' हे नाट्य सप्टेंबर 1954 मध्ये 'सीबीएस' वाहिनीवर थेट प्रक्षेपित झाले. थेट म्हणजे खरोखरच थेट. चुकले तर चुकलेले घराघरांत पोहोचणार, अशी ती पद्धत होती. त्यावरून सिडनी ल्युमेट यांनी 1957 मध्ये चित्रपट केला. बापाच्या खुनाचा आरोप असलेला एक मुलगा, त्याच्या दोषाविषयी निर्णय देण्यासाठी बंद खोलीत बसलेले 12 सामान्य नागरिक, त्यांपैकी 11 जणांचा कौल 'दोषी' आणि एकाचा 'मला खात्री नाही'. एवढ्याच भांडवलावर दीड तास प्रेक्षक खिळून राहतो.

सातत्याच्या दृष्टीने ल्युमेट यांनी जे केले ते धाडसाचे होते. खर्च वाचावा म्हणून त्यांनी कथेच्या क्रमाने चित्रीकरण केले नाही. एका खुर्चीवर प्रकाशयोजना झाली की त्या खुर्चीत बसलेल्या पंचाचे संपूर्ण चित्रपटातील त्या बाजूचे सारे तुकडे घेऊन टाकायचे, मग दिवे हलवून पुढची खुर्ची, अशी त्यांची पद्धत होती. परिणामी हेन्री फोंडा आणि ली जे. कॉब हे दोन नट पडद्यावर एकमेकांच्या अंगावर धावून जाताना दिसत असले, तरी दोघांच्या बाजूंच्या चित्रीकरणात सात-आठ दिवसांचे अंतर होते. भर म्हणून कथेत उन्हाळ्याचा उकाडा आहे. कोणाच्या सदऱ्यावर घामाचा डाग केव्हा, किती मोठा असावा आणि पावसानंतर पंखा सुरू झाल्यावर तो केव्हा सुकावा, याचा हिशेब ठेवावा लागला. एक पंच तर आपल्याला घामच येत नाही असे सांगतो आणि आपल्याच स्मरणशक्तीची परीक्षा होऊ लागते तेव्हाच त्याच्या कपाळावर थेंब दिसतो. तो थेंब चुकीच्या तुकड्यात दिसला असता तर सारा प्रसंग फसला असता. दोन आठवड्यांच्या तालमी आधीच झाल्या होत्या, म्हणून हे निभावले.

नसलेली ज्यूरी

बासू चटर्जी यांनी हीच कथा हिंदीत आणली. के. के. रैना, पंकज कपूर, एम. के. रैना, अन्नू कपूर अशी रंगभूमीवर मुरलेली मंडळी त्यांनी एका टेबलाभोवती बसवली. अन्नू कपूर तेव्हा जेमतेम तिशीचे होते आणि त्यांनी वृद्ध पंच उभा केला. दूरदर्शनच्या पिढीला हे नाट्य चांगलेच परिचित आहे.

या नाट्यातही बारकाईने पाहणाऱ्याला हाताची जागा बदललेली, कागद सरकलेला सापडेल. पण या लहानसहान गोष्टी शोधणाऱ्याच्या नजरेतून त्या खोलीतील सर्वांत मोठी चूक निसटते, कारण ती खोलीभर पसरलेली आहे. ती चूक म्हणजे स्वतः ती ज्यूरी. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान ठेवले गेले नाही आणि ही संहिता 1 एप्रिल 1974 पासून लागू झाली. म्हणजे चित्रपट आला तेव्हा भारतातील फौजदारी न्यायालयातून ज्यूरी जाऊन 12 वर्षे उलटली होती. त्या मुलाचा फैसला असा 12 जणांच्या टेबलावर रखडणे शक्यच नव्हते. तो एकट्या सत्र न्यायाधीशाने, कारणे लिहून दिला असता.

कोणी म्हणेल, कथा जुन्या काळातील समजावी. पण तसे मानूनही गणित सुटत नाही, आणि खरी गंमत येथेच आहे. आपल्याकडची ज्यूरी अमेरिकेच्या ज्यूरीपेक्षा वेगळी होती. 1898 च्या जुन्या संहितेनुसार उच्च न्यायालयात नऊ पंच बसत आणि सत्र न्यायालयातही नऊपेक्षा अधिक नसत. 12 हा आकडाच नव्हता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निर्णय एकमतानेच व्हावा अशी अट नव्हती. बहुमत आणि न्यायाधीशांची संमती एवढ्यावर काम भागत असे.

महाराष्ट्राला हे दोन खटल्यांमुळे ठाऊक असायला हवे. लोकमान्य टिळकांवरील 1908 च्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी गृहस्थ होते. सात विरुद्ध दोन अशा मतांनी टिळक दोषी ठरले. न्यायमूर्ती दावर यांनी तो कौल स्वीकारला आणि त्याच दिवशी, 22 जुलै रोजी, सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. जे दोघे असहमत होते, त्यांचे मन वळविण्यासाठी कोणी थांबले नाही. दुसरा खटला 1959 चा. नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. मुंबईच्या सत्र न्यायालयातील ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. येथे मात्र न्यायाधीश मेहता यांना हा कौल मान्य झाला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तेथे नानावटी दोषी ठरले आणि नोव्हेंबर 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. पुढे 1964 मध्ये त्यांना माफी मिळाली, हा निराळा भाग.

हे दोन खटले शेजारी ठेवले की नियमाच्या दोन्ही बाजू दिसतात. न्यायाधीश सहमत असतील तर बहुमत पुरे. असहमत असतील तर प्रकरण वर. एकट्या पंचाच्या हट्टाने निर्णय रोखण्याची सोय दोन्हीत नाही. म्हणून 'एक रुका हुआ फैसला'तील अकरा विरुद्ध एक हा कौल भारतीय ज्यूरीपुढे पडला असता, तर फैसला रुकलाच नसता. पहिल्या मतदानानंतर पंच उठून बाहेर आले असते आणि चित्रपट दहाव्या मिनिटाला संपला असता.

बासू चटर्जींना हे ठाऊक नव्हते असे म्हणणे कठीण आहे. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी ते मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकात अनेक वर्षे व्यंगचित्रकार होते, आणि नानावटींच्या बाजूने लोकमत पेटविणारे पत्र म्हणजे हेच 'ब्लिट्झ'. ज्यूरी लोकमताच्या वाऱ्यात कशी सापडते, हे त्या कचेरीइतके जवळून कोठे दिसले असेल? तेव्हा ही चूक अज्ञानाची म्हणण्यापेक्षा कथेने मागितलेली किंमत म्हणणे योग्य ठरेल. बारा माणसे, एक बंद खोली आणि एकमताची सक्ती, या तीन खांबांवर ते नाट्य उभे आहे. कायद्याशी प्रामाणिक राहायचे तर तिन्ही खांब काढावे लागतात.

जाता जाता एक गैरसमज दूर करायला हवा. नानावटी खटला हा देशातील अखेरचा ज्यूरी खटला होता आणि त्याच्यामुळेच ज्यूरी गेली, असे नेहमी सांगितले जाते. प्रत्यक्षात काही राज्यांत ज्यूरी त्यानंतरही काही वर्षे चालू होती. आणि ती रद्द करावी अशी शिफारस विधी आयोगाने 1958 मध्ये, म्हणजे आहुजावर गोळ्या झाडल्या जाण्याच्या आदल्या वर्षीच केली होती. पारशी विवाहविषयक खटल्यांत मात्र समाजातील प्रतिनिधींनी न्यायाधीशाबरोबर बसण्याची, ज्यूरीसारखीच पद्धत मागे राहिली.

हातोडा, गीता आणि दफा

ज्यूरीची चूक कथेसाठी होती. इतर अनेक चुका केवळ सवयीच्या आहेत. भारतीय न्यायाधीश हातोडा वापरीत नाहीत. तो परदेशी चित्रपटांतून आपल्या टेबलावर आला. साक्षीदारापुढे गीता धरली जात नाही. 1969 च्या शपथ अधिनियमातील नमुन्यात कोणत्याही ग्रंथाचे नाव नाही; साक्षीदार ईश्वराला स्मरून शपथ घेतो किंवा तसे करायचे नसल्यास गांभीर्याने प्रतिज्ञा करतो. वकील साक्षीदाराच्या अंगावर धावून जात नाहीत. आपल्या जागी उभे राहून प्रश्न विचारतात आणि उत्तर नोंदवले जाईपर्यंत थांबतात. 'मिलॉर्ड' या संबोधनाबद्दल बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2006 मध्ये नियमच केला. उच्च व सर्वोच्च न्यायालयात 'युअर ऑनर' किंवा 'ऑनरेबल कोर्ट', खालच्या न्यायालयात 'सर' किंवा त्या त्या भाषेतील आदरवाचक शब्द पुरेसा मानला गेला.

'ताजिरात-ए-हिंद, दफा 302' ही भाषा मात्र सर्वस्वी खोटी म्हणता येत नाही. मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तेथील राजभाषा उर्दू होती. फिर्याद, दावा, वकील, जामीन, मुद्देमाल, तारीख हे शब्द तर साऱ्या महाराष्ट्राच्या कोर्टात आजही रुळलेले आहेत. चूक आता दुसरीच झाली आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि नव्या गुन्ह्यांसाठी खुनाच्या शिक्षेचे कलम 302 राहिले नसून 103 झाले. आजच्या काळातील कथेत पात्र 302 म्हणाले, तर सातत्य सांभाळणाऱ्या सहायकाने वहीत फुली मारायला हवी.

याहून गंभीर चुका त्या, ज्यांतून माणसाची अपेक्षा घडते. पडद्यावर पोलीस कोठडीतील कबुलीने खटला संपतो. कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पडद्यावर न्यायाधीश फाशी सुनावतात आणि पुढच्याच दृश्यात दोर दिसतो. प्रत्यक्षात सत्र न्यायालयाच्या फाशीच्या शिक्षेला उच्च न्यायालयाने दुजोरा दिल्याशिवाय ती अमलात येऊच शकत नाही. पडद्यावर गुन्हेगार भर कोर्टात रडत गुन्हा कबूल करतो. ही शेवटची युक्ती अमेरिकेतील 'पेरी मेसन' या मालिकेने लोकप्रिय केली. 1957 ते 1966 या काळात तिचे 271 भाग झाले. मूळ कथालेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर स्वतः वकील होते आणि पटकथा नजरेखालून घालीत. शेवटच्या भागात ते न्यायाधीशाच्या भूमिकेत दिसलेही. कायद्याचे शब्द तपासून घेतलेले, पण जवळजवळ प्रत्येक भागाच्या अखेरीस कोणीतरी उठून कबुली देणारच. म्हणजे तपशील अचूक आणि एकंदर चित्र चुकीचे, असेही होऊ शकते.

चूक हाच आशय

मराठीने या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक 1967 सालचे; सत्यदेव दुबे यांनी त्यावर 1971 मध्ये चित्रपट केला. यातील कोर्ट हौशी नाटकमंडळींनी वेळ घालविण्यासाठी मांडलेले लुटुपुटुचे. तेथे एकच सुखात्मे दोन्ही बाजूंची वकिली करतो आणि न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्ष द्यायला उभा राहतो. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर पानोपानी चूक. परंतु या चुका लेखकाने हेतूने पेरल्या आहेत. नियम वाकवले जात आहेत हे प्रेक्षकाला दिसते, आणि त्या वाकवण्यात लीला बेणारेचा बळी जातो हेही दिसते.

दुसरे उत्तर चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या 2014 च्या चित्रपटाचे. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावरील खटल्याच्या या कथेत हातोडा नाही, गर्जना नाही. न्यायाधीश साक्षीदाराचे उत्तर कायद्याच्या भाषेत बसवून लघुलेखकाला सांगतात, वकील जुन्या कायद्यातील उतारे एकसुरात वाचतात, पुढची तारीख पडते आणि सारे घरी जातात. बाह्या नसलेला पोशाख घालून आलेल्या एका स्त्रीचे प्रकरण पुकारले जाऊनही ऐकले जात नाही. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. तो पाहून बाहेर पडलेल्या अनेक प्रेक्षकांना मात्र कोर्ट इतके संथ आणि कंटाळवाणे असेल हे पटत नव्हते. आयुष्यभर चुकीचे पाहिल्यावर बरोबर असलेलेच खोटे वाटू लागते, याचा याहून चांगला दाखला सापडणार नाही.

हिशेब कोणाच्या नावे?

घड्याळाचा काटा मागे गेल्याने कोणाचे नुकसान होत नाही. हातोड्यानेही होत नाही. 'एक रुका हुआ फैसला'तील ज्यूरी खोटी असली, तरी तिने शिकवलेली गोष्ट खरी आहे. वाजवी शंका उरली तर आरोपीला तिचा फायदा मिळावा, हे तत्त्व ज्यूरी गेली तरी आपल्या कायद्यात कायम आहे. खोट्या चौकटीत खरा आशय बसू शकतो, तो असा.

नुकसान होते ते दुसरीकडे. हसनाबादचा एखादा माणूस पहिल्यांदा साक्षीला जातो. आपल्याला गर्जना ऐकावी लागेल, एका दिवसात सोक्षमोक्ष लागेल, असे त्याने मनात धरलेले असते. पुकारा होतो, दोन मिनिटांत पुढची तारीख मिळते आणि त्याला वाटते की आपल्या वकिलाने दगा दिला, किंवा साहेबांनी आपले ऐकलेच नाही. तारीख पडणे हा अन्याय असू शकतो, पण प्रत्येक तारीख म्हणजे कट नसतो. आणि हा फरक त्याला सांगणारे कोणतेही नाट्य त्याने पाहिलेले नसते. उलट, आपण पोलिसांपुढे बोललेलो पुरावा म्हणून चालत नाही, सत्र न्यायालयाच्या वर आणखी दारे आहेत, ही त्याच्या कामाची माहिती पडद्याने त्याच्यापासून दडवून ठेवलेली असते.

आता एक दार उघडले आहे. सप्टेंबर 2022 पासून सर्वोच्च न्यायालयातील घटनापीठापुढील सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण सुरू झाले आणि खरे कोर्ट घरबसल्या पाहता येऊ लागले. तेथे फेऱ्या मारणारा वकील दिसत नाही. कागदपत्रे चाळणारे, थांबून विचार करणारे, एकमेकांचे म्हणणे ऐकून घेणारे लोक दिसतात. नाट्य हवे असेल त्याने बासूदांच्या त्या 12 जणांकडे पुन्हा जरूर जावे. पाण्याचा पेला कोठे सरकला तेही शोधावे. मात्र समन्स हातात पडेल त्या दिवशी त्यांच्यापैकी कोणाचेही ऐकू नये. तालुक्याच्या कोर्टात अर्धा दिवस मागच्या बाकावर बसून पाहावे. सर्वसाधारण खटल्यांसाठी कोर्टाचे दार खुले असते आणि तेथे बसायला तिकीट लागत नाही.